खर्जाचा धनी : जॉन एन्टविसल आणि त्याच्या बेस गिटारी

‘द हू’ या ब्रिटिश रॉक समूहाचा बेस गिटारवादक जॉन एन्टविसल याचे २७ जून २००२ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे निधन झाले. समूहाचा अमेरिका दौरा दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायचा होता. त्यानंतर वर्षभराच्या आत, मे २००३ मध्ये, त्याने आयुष्यभर जमवलेल्या गिटारींचा लंडनमध्ये सॉदबीज या संस्थेने लिलाव केला. त्या लिलावात सर्वाधिक चर्चा झाली ती एका जुन्या, ठिकठिकाणी जोडलेल्या बेस गिटारची. पाच मोडक्या गिटारींचे सुटे भाग एकत्र करून एन्टविसलने ती स्वतःच्या हातांनी उभी केली होती आणि तिचे नाव ठेवले होते ‘फ्रँकेन्स्टाईन’. तिला साठ हजार पौंडांहून अधिक किंमत आली. जुन्या वाद्यांच्या बाजारात ज्याला ‘अस्सल’ म्हणतात, त्या कसोटीला ही गिटार मुळीच उतरत नव्हती. तरीही तिला एवढे मोल का आले, या प्रश्नाचे उत्तर एन्टविसलच्या वादनात आणि सत्तरच्या दशकातील रॉक संगीताच्या जडणघडणीत दडलेले आहे.

खर्जाचे वाद्य

आपल्याकडे तानपुऱ्यातील खर्जाच्या तारेचे जे स्थान, काहीसे तेच पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बेस गिटारचे. ती वाजत असते तेव्हा अनेकदा तिच्याकडे लक्ष जात नाही. थांबली की मात्र सारे गाणे पोकळ वाटू लागते. साधारणतः चार तारांचे हे वाद्य नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेले असते. त्याच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ इतकी मंद असतात.

१९५० पूर्वी हे काम माणसाच्या उंचीपेक्षा मोठ्या, उभ्याने वाजवायच्या ‘डबल बेस’ या वाद्याकडे होते. ते वाहून न्यायला अवघड आणि विजेवरच्या गिटारींच्या गोंगाटात ऐकू येणे त्याहून अवघड. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि ही अडचण दूर झाली. दांडीवर पडदे असल्याने सूर अचूक लागे, म्हणून तिचे नाव ‘प्रिसिजन’. १९६० मध्ये फेंडरचीच ‘जॅझ बेस’ आली. जर्मनीची हॉफनर आणि अमेरिकेच्या रिकनबॅकर व गिब्सन या कंपन्यांनीही आपापल्या घडणीच्या बेस गिटारी बनवल्या. वाद्य तयार झाले. पण वादकाकडून अपेक्षा मात्र जुनीच राहिली. त्याने मागे उभे राहावे, ढोलकांना साथ द्यावी आणि मूळ स्वर धरून ठेवावा, एवढेच. ही चौकट ज्या मोजक्या वादकांनी मोडली, त्यांत एन्टविसलचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

ॲक्टनचा मुलगा

एन्टविसलचा जन्म ९ ऑक्टोबर १९४४ रोजी लंडनच्या पश्चिम भागात झाला. वडील ट्रम्पेट वाजवीत, आई पियानो. लहानपणी तो पियानो शिकला, मग ट्रम्पेट आणि त्यानंतर फ्रेंच हॉर्न. मिडलसेक्स परगण्यातील शालेय वाद्यवृंदात तो फ्रेंच हॉर्न वाजवीत असे. रॉकच्या पहिल्या पिढीतील बहुतेक वादक कानाने शिकलेले होते. स्वरलेखन वाचता येणारा, वाद्यवृंदाची शिस्त अंगी बाणलेला एन्टविसल त्यांत वेगळा होता. पुढे १९७३ च्या ‘क्वाड्रोफिनिया’ या ध्वनिमुद्रिकेतील फुंकवाद्यांचे भाग त्याने स्वतःच वाजवले, ते या शिक्षणाच्या बळावर.

ॲक्टन येथील शाळेत त्याची पीट टाऊनशेंडशी मैत्री झाली. दोघांनी जुन्या धाटणीच्या जॅझचा एक लहानसा समूहही काढला. रॉक अँड रोलची लाट आली तेव्हा एन्टविसलने गिटार हाती घेऊन पाहिली. पण त्याच्या जाड बोटांना तिच्या बारीक तारा अडचणीच्या वाटल्या. त्याच सुमारास अमेरिकन वादक ड्वेन एडी याने गिटारवर काढलेले खर्जातील स्वर त्याच्या कानी पडले आणि त्याने बेसचा रस्ता धरला. बाजारातील वाद्य परवडण्याजोगे नव्हते, म्हणून त्याने घरीच एक बेस गिटार बनवली. ती घेऊन रस्त्याने जात असताना त्याच शाळेतून काढून टाकलेला रॉजर डाल्ट्री त्याला भेटला आणि त्याने त्याला आपल्या ‘डिटूर्स’ या समूहात ओढले. एन्टविसलने टाऊनशेंडला आणले. १९६४ मध्ये कीथ मून हा ड्रमवादक येऊन मिळाला आणि ‘द हू’ आकाराला आला. त्याआधीच्या काळात एन्टविसल दिवसा प्राप्तिकर खात्यात कारकुनी करीत असे, ही नोंद पुढील कथेच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

तारेची गोष्ट

ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘माय जनरेशन’ हे गाणे प्रसिद्ध झाले. त्यात एरवी जिथे गिटारवादकाने आपली करामत दाखवायची, तिथे बेस गिटार पुढे येते आणि गिटारशी सवाल-जवाब केल्यासारखी बोलते. रॉकमधील पहिल्या काही बेस एकलवादनांत त्याची गणना होते. यासाठी एन्टविसलला पियानोच्या खालच्या पट्ट्यांसारखा टणक, झणझणीत ध्वनी हवा होता. अमेरिकन बनावटीच्या स्वस्त ‘डॅनइलेक्ट्रो’ बेस गिटारीच्या बारीक तारांतून तो निघे. पण त्या तारा लवकर तुटत आणि सुट्या तारा इंग्लंडमध्ये मिळत नसत. तार तुटली की नवी गिटारच विकत घ्यायची, अशी वेळ आली. तीन गिटारी झाल्यावर त्याने हा नाद सोडला आणि प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण फेंडर ‘जॅझ बेस’वर केले.

या त्रासातून एक महत्त्वाची गोष्ट घडली. त्या काळी बेस गिटारच्या तारांवर बहुधा चपटी पट्टी गुंडाळलेली असे. तिचा स्पर्श गुळगुळीत आणि नाद बोथट. त्याऐवजी गोल तार गुंडाळली तर नादात धार येते, तो अधिक काळ टिकतो. मात्र जाड तारा नीट कंप पावल्या पाहिजेत. १९६६ च्या सुमारास एन्टविसल ‘रोटोसाऊंड’ या ब्रिटिश कंपनीचे संस्थापक जेम्स हाऊ यांच्याकडे आपली गिटार घेऊन गेला आणि मनाजोगता ध्वनी मिळेपर्यंत तारांचे नमुने तपासत राहिला. त्यातून तयार झालेल्या ‘स्विंग बेस’ तारा पुढे रॉकच्या जगात सर्वत्र पसरल्या. सत्तरच्या दशकातील बेस गिटारचा जो खणखणीत आवाज आज ओळखीचा झाला आहे, त्यामागे या तारांचा मोठा वाटा आहे.

पाच मोडक्या गिटारींतून एक

टाऊनशेंड रंगमंचावर गिटारी आपटून फोडण्याबद्दल प्रसिद्ध होता. मूनही आपले ड्रम लाथाडून देई. या धुमाकुळात एका बाजूला एन्टविसल जवळजवळ निश्चल उभा असे; हालत ती फक्त बोटे. त्याला ‘ऑक्स’, म्हणजे बैल, हे टोपणनाव पडले. बोटांच्या गतीमुळे दुसरे पडले, ‘थंडरफिंगर्स’. पण वाद्ये त्याच्याही मोडत. दौऱ्यांवरच्या हालअपेष्टांत निकामी झालेल्या पाच बेस गिटारींचे भाग घेऊन १९६७ मध्ये त्याने हॉटेलच्या खोलीत, स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंगच्या साहाय्याने एक ‘प्रिसिजन बेस’ जुळवली. मृत अवयवांतून जिवंत झालेल्या कादंबरीतील प्राण्याशी संबंध जोडणारे ‘फ्रँकेन्स्टाईन’ हे नाव तिला मिळाले ते यामुळे.

ही जोडगिटार पुढील चार वर्षे त्याची मुख्य सोबतीण होती. १९६९ चे ‘टॉमी’ आणि १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात ध्वनिमुद्रित झालेले ‘लाइव्ह ॲट लीड्स’ याच काळातले. लीड्सच्या मैफलीत मंचावर एक गायक आणि तीनच वाद्ये आहेत, हे ऐकताना खरे वाटत नाही. टाऊनशेंड तालाचे जाड आघात करतो, मून तालाला वाटेल तसा उधळतो आणि सुरावट पुढे नेण्याचे काम बेसकडे येते. बेस गिटारने केवळ पाया न राहता गाण्याचे कथन करावे, ही रचना त्या समूहाच्या गरजेतून जन्मली आणि एन्टविसलच्या बोटांनी ती शक्य केली.

त्याच्या उजव्या हाताचे तंत्रही निराळे होते. कधी नखी, कधी बोटांनी छेडणे, तर कधी टंकलेखन यंत्राच्या कळा दाबाव्यात तशी चारही बोटे तारांवर आपटून तो स्वर काढी. त्यामुळे एकाच तारेतून स्वर आणि आघात दोन्ही उमटत.

थंडरबर्ड ते अलेम्बिक

१९७१ नंतर त्याच्या हाती गिब्सनची ‘थंडरबर्ड’ दिसू लागली. १९६३ मध्ये बाजारात आलेल्या या गिटारचा आराखडा रे डिट्रिक या मोटारींच्या आरेखनकाराने केला होता. तिची दांडी आणि मधला भाग एकाच लांब लाकडी पट्टीचा असल्याने स्वर दीर्घ टिकतो. तिचे डोके मात्र जड व नाजूक. पडली की तिथेच मोडते. एन्टविसलला तिचा घनगंभीर आवाज हवा होता आणि दांडी मात्र फेंडरची. म्हणून पीटर कुक या कारागिराकडून त्याने दोहोंचा संकर करून घेतला. या गिटारी ‘फेंडरबर्ड’ नावाने ओळखल्या जातात. ‘क्वाड्रोफिनिया’मधील ‘द रिअल मी’ या गाण्यातील बेसचे वादन ‘थंडरबर्ड’वरचे. ते पहिल्याच खेपेत ध्वनिमुद्रित झाले आणि तेच कायम ठेवले गेले. बेस वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी ते आजही पाठासारखे आहे.

याच काळातील ‘हूज नेक्स्ट’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेचा महाराष्ट्राशी एक धागा आहे. तिच्यातील पहिल्या गाण्याच्या नावातील ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि अहिल्यानगरजवळील (पूर्वीचे अहमदनगर) मेहेराबाद येथे समाधिस्थ असलेले मेहेरबाबा. टाऊनशेंड त्यांचा अनुयायी होता आणि १९७२ मध्ये तो मेहेराबादला येऊनही गेला. एन्टविसलची वृत्ती वेगळी होती. त्याच ध्वनिमुद्रिकेतील त्याचे ‘माय वाइफ’ हे गाणे कडवट विनोदाचे आहे. कोळी, कंजूष, भुते, मृत्यू असे विषय तो गमतीने हाताळी. समूहातील इतरांच्या आधी, १९७१ मध्येच, त्याने स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढली. ‘द हू बाय नंबर्स’ (१९७५) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील चित्र त्यानेच रेखाटले.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तो कॅलिफोर्नियातील ‘अलेम्बिक’ या कंपनीच्या गिटारींकडे वळला. ‘ग्रेटफुल डेड’ या समूहाच्या वर्तुळातून पुढे आलेल्या या कारागिरांनी गिटारच्या पोटातच स्वर उजळवणारे विद्युत मंडल बसवले होते. एन्टविसलने गिब्सनच्या ‘एक्सप्लोरर’ या कोनाकृती गिटारच्या आकारात त्या बनवून घेतल्या. १९८५ पासून जर्मनीच्या ‘वॉरविक’साठी त्याच्या सहभागाने आखलेली ‘बझार्ड’ आणि अखेरच्या वर्षांत ‘स्टेटस’ या ब्रिटिश कंपनीने ग्रॅफाइटमध्ये घडवलेली तिची बहीण, असा हा प्रवास झाला. जुन्या वाद्यांचा हा संग्राहक स्वतः वाजवताना मात्र सतत नव्याच्या शोधात होता, ही लक्षात घेण्याजोगी विसंगती.

आवाजाची किंमत

मूनचे ड्रम आणि टाऊनशेंडची गिटार यांच्यात स्वतःला ऐकू यावे म्हणून एन्टविसलने साठच्या दशकात मार्शल कंपनीच्या मोठ्या स्पीकरपेट्या घेतल्या. मग टाऊनशेंडने त्याहून मोठ्या घेतल्या. ही चढाओढ वर्षानुवर्षे चालली. एन्टविसलने गिटारचा ध्वनी दोन भागांत विभागून, खर्जासाठी एक आणि तीव्र स्वरांसाठी दुसरा ॲम्प्लिफायर वापरण्याची पद्धतही अवलंबली. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधील चार्ल्टन फुटबॉल मैदानावरील मैफलीत ५० मीटर अंतरावर १२० डेसिबल इतका आवाज मोजला गेला आणि गिनीज बुकात जगातील सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून त्याची नोंद झाली. पुढे, अशा विक्रमांच्या नादाने लोकांच्या कानांना इजा होऊ नये म्हणून गिनीजने हा प्रकारच बंद केला. त्याची किंमत वादकांनीही मोजली. टाऊनशेंडला कानात सतत आवाज घुमण्याचा विकार जडला आणि एन्टविसललाही उत्तरायुष्यात बहिरेपणाने ग्रासले. ज्या ध्वनीसाठी त्याने एवढी वाद्ये पारखली, तो ध्वनीच हळूहळू त्याच्यापासून दूर जात होता.

‘व्हिंटेज’ कशाला म्हणावे?

एन्टविसलच्या पिढीने जुन्या गिटारी घेतल्या तेव्हा त्या ‘व्हिंटेज’ नव्हत्या. केवळ वापरलेल्या होत्या. १९६५ मध्ये सीबीएस या कंपनीने फेंडरचा कारखाना १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतला. त्यानंतर उत्पादन वाढले आणि दर्जा उतरला, अशी वादकांची भावना झाली. तेव्हापासून १९६५ पूर्वीच्या फेंडर गिटारींना वेगळे मोल येऊ लागले.

अशा गिटारची पारख करताना जाणकार अनेक खुणा तपासतात. दांडीच्या बुंध्याशी लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख, आवाजाच्या खुंटीखालील सुट्या भागावर कोरलेले आकडे, ज्यांतून तो कोणत्या वर्षी व कोणत्या आठवड्यात बनला ते कळते, आणि न छेडलेले मूळ सोल्डरचे सांधे. पिकअपच्या वेटोळ्यांना कोणी हात लावला आहे का, मूळ रंग खरवडून नवा दिला आहे का, हेही पाहिले जाते. नवा रंग दिलेल्या किंवा भाग बदललेल्या गिटारची किंमत बरीच उतरते. लाकडाचाही प्रश्न आहे. साठच्या दशकातील अनेक गिटारींच्या दांडीवर ब्राझिलियन रोझवूडची पट्टी असे. १९९२ पासून या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध असल्याने अशी गिटार परदेशी विकायची तर कागदपत्रांची पूर्तता करावी लागते.

या निकषांवर ‘फ्रँकेन्स्टाईन’ नापास ठरते. तिचे सगळे भाग एकत्र कारखान्यातून निघालेले नाहीत. तिचे मोल ठरले ते ती कोणाच्या हातात होती आणि तिच्यावर काय वाजले यावरून. संग्राहक ज्याला वाद्याचा पूर्वेतिहास म्हणतात, त्याने लाकूड आणि रंगाच्या अस्सलपणावर मात केल्याचे हे ठळक उदाहरण.

संग्रह आणि त्याची पांगापांग

सत्तरच्या दशकात एन्टविसलने ग्लॉस्टरशायरमधील स्टो-ऑन-द-वोल्ड या गावाजवळ ‘क्वारवुड’ हा व्हिक्टोरियन वाडा घेतला. तिथे गिटारींबरोबर चिलखते, मोठमोठ्या माशांच्या प्रतिकृती अशा नाना वस्तू त्याने भरल्या. खर्चाला हात सैल असल्याने पैशांची चणचण कायम असे. समूहाच्या उत्तरकाळातील पुनर्मीलनांमागे त्याची आर्थिक निकड हेही एक कारण होते. त्याच दौऱ्यांपैकी एकाच्या पूर्वसंध्येला, वयाच्या ५७ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाला. कोकेनचे सेवन त्याला कारणीभूत ठरल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. दौरा रद्द झाला नाही. पिनो पॅलाडिनो याने त्याची जागा घेतली आणि १ जुलै रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये मैफल झाली.

मृत्यूनंतर मालमत्तेवर देय होणाऱ्या कराची तजवीज करण्यासाठी मुलगा ख्रिस्तोफर याने गिटारी लिलावात काढल्या. पुढे वाडाही विकला गेला. ज्या प्राप्तिकर खात्यात एन्टविसलने तरुणपणी कारकुनी केली, त्याच खात्याच्या मागणीपोटी त्याचा संग्रह विखुरला. वाद्ये निरनिराळ्या देशांतील धनिकांकडे आणि व्यापाऱ्यांकडे गेली. मृत्यूपूर्वी त्याने आपल्या बेस गिटारींवर एका पुस्तकाचे काम हाती घेतले होते; ते ‘बेस कल्चर’ या नावाने २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. सारा संग्रह एकत्र पाहण्याची सोय आता केवळ त्या पानांत उरली आहे.

अशा संग्रहांचे काय व्हावे, याचे एकच उत्तर नाही. वस्तुसंग्रहालयात गेलेले वाद्य सुरक्षित राहते, पण मुके होते. खासगी संग्राहकाकडे ते कदाचित वाजते, पण लोकांना दिसत नाही. एन्टविसलच्या बाबतीत निवड करण्याइतका वेळ वारसांना मिळाला नाही. मात्र त्याचे वादन विसरले गेलेले नाही. २०११ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या वाचकांनी त्याला सर्वश्रेष्ठ बेस गिटारवादक म्हणून निवडले; २०२० मध्ये त्याच मासिकाने केलेल्या पन्नास वादकांच्या यादीत त्याला तिसरे स्थान मिळाले. नोव्हेंबर २००० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘५:१५’ या गाण्यात त्याने केलेले दीर्घ एकलवादन चित्रफितीवर उपलब्ध आहे. त्यात त्याच्या हाती कोणतीही जुनी, मौल्यवान गिटार नाही. आहे ती ग्रॅफाइटची नवी बनावट. ‘फ्रँकेन्स्टाईन’वर तीस वर्षांपूर्वी वाजलेला तोच खणखणीत खर्ज तिच्यातूनही उमटतो. साठ हजार पौंड मोजणाऱ्या संग्राहकाला तो विकत घेता आलेला नाही.